विद्यापीठातली नोकरी, पण मालक कोण?

बुरैद्याचे नाव आपण ऐकतो ते खजुराच्या बाजारामुळे. अल-कसीम प्रांताच्या या मुख्य शहरात २००४ साली कसीम विद्यापीठ स्थापन झाले. परदेशी विद्यार्थी तेथे शिष्यवृत्तीवर राहून शिकतात. त्यांची वसतिगृहे, भोजनगृह, बस, साफसफाई सांभाळायला माणसे लागतात. देशातल्या एखाद्या भाच्याला असे काम मिळाले की "विद्यापीठात लागला" म्हणून घरी पेढे वाटले जातात. पेढे अवश्य वाटावेत, पण त्याआधी करारपत्र वाचावे.

पाहायचे ते एवढेच, की करारावर आणि इकाम्यावर मालक म्हणून नाव कोणाचे आहे? अशी कामे पुष्कळदा कंत्राटदार कंपनीकडे असतात. मग कामाची जागा विद्यापीठाची असली, तरी पगार, रजा, आरोग्य विमा आणि शेवटचा हिशेब या सगळ्यांना जबाबदार कंपनीच. विद्यापीठाच्या कचेरीत खेटे घालून उपयोग नाही.

खासगी कंपनीला सौदी कामगार कायदा लागू होतो. त्यानुसार नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. हिशेब शेवटच्या पगारावर. मात्र स्वतः राजीनामा दिला तर चित्र बदलते. दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहा वर्षांनंतर पूर्ण. समजा पगार ३,००० रियाल आणि नोकरी चार वर्षे. मुदत संपून करार थांबला तर ६,००० रियाल, मध्येच राजीनामा दिला तर २,०००. रागाच्या भरात सही करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. (स्त्री कर्मचाऱ्यांना सवलत आहे: लग्नानंतर सहा महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांत नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम मिळते.)

बायकामुलांना नेण्याचा विचार असेल तर आधी आकडेमोड करा. खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला घरच्या प्रत्येक अवलंबितामागे सरकारी शुल्क पडते. २०१७ मध्ये ते दरमहा १०० रियाल होते, २०२० पासून ४०० आहे. पत्नी आणि दोन मुले म्हणजे महिना १,२०० रियाल. वरच्या पगारातून हे जमायचे नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पगारावर तेथे प्राप्तिकर नाही, हीच काय ती जमेची बाजू. उरलेला पैसा देशात एनआरई खात्यात ठेवावा. अनिवासी असेपर्यंत त्यावरचे व्याज करमुक्त असते.

आता प्रकृतीविषयी. आरोग्य विम्याचा हप्ता कामगाराकडून घ्यायचा नसतो, तो मालकाने भरायचा असतो. विम्याची नोंद झाली का, हे पोहोचल्याबरोबर विचारावे, आजारी पडल्यावर नव्हे. बुरैद्याचा उन्हाळा कोरडा आणि कडक. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उन्हात काम करवून घेण्यास मनाई आहे. बागकाम, सफाई करणाऱ्यांनी ही वेळ पाठ करावी.

शेवटी घरच्या डब्याविषयी. सौदीत खसखस नेणे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. तेव्हा आईने प्रेमाने केलेले अनारसे देशातच खाऊन निघावे; चिवडा, शंकरपाळे खुशाल न्यावेत. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत, आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध बॅगेतून काढून ठेवावे.