तीनशे नाणी आणि वाचनालयाचं छत

आमच्या मंडळाच्या वाचनालयाचं छत तीन पावसाळे गळतंय. पहिल्या वर्षी बादली ठेवली, दुसऱ्या वर्षी कपाटं सरकवली, तिसऱ्या वर्षी कादंबऱ्यांच्या कपाटामागची भिंत ओली झाली आणि पुस्तकांना बुरशी लागली. ठेकेदाराने वॉटरप्रूफिंगचे १,८०,००० रुपये सांगितले. कार्यकारिणीने ८०,००० मंजूर केले आणि उरलेल्या एक लाखासाठी आम्हा युवा मंडळाकडे पाहिलं. आम्हीही उत्साहात "हो" म्हणून बसलो.

इंदूरच्या मराठी घरांत वर्गणी मागायला जाणं ही काय चीज आहे, हे ज्याने पावतीपुस्तक हातात घेतलंय त्यालाच कळेल. गणपती, नाटक, शारदोत्सव, त्रैवार्षिक निवडणूक. प्रत्येक वेळी तीच दारं आणि तेच चेहरे. लोक देतात, पण दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर "आता कशाचं?" हे लिहिलेलं असतं. म्हणून यंदा ठरवलं, की मागायचं नाही, विकायचं. देणाऱ्याच्या हातात काहीतरी राहिलं पाहिजे.

साल होतं २०२५. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ चा, म्हणजे जन्माची त्रिशताब्दी. ज्या शहराची ओळखच त्यांच्या नावाने आहे, तिथे दुसरा विषय शोधायची गरजच नव्हती. आमच्यातल्या एकीने सुचवलं, "तीनशे वर्षं, तीनशे नाणी. त्याहून एकही जास्त नाही." कल्पना सगळ्यांना पटली. मला तर आकडा ऐकूनच स्प्रेडशीट दिसायला लागली.

आधी नाणं पाहून आलो

डिझाइन करायच्या आधी आम्ही चौघं संग्रहालयात जाऊन होळकरांची नाणी पाहून आलो. हे करावं असं मी प्रत्येक मंडळाला सांगेन, कारण डोक्यात जे चित्र असतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. मला वाटायचं की नाण्यावर देवींचा चेहरा असेल. तसं नाही. इंदूरच्या टांकसाळीचं नाव मल्हारनगर. अहिल्यादेवींच्या काळातल्या रुपयांवर फारसी मजकूर आहे, तोही दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने. तेव्हाच्या बहुतेक मराठी सरदारांची नाणी अशीच पडत. त्या मजकुरात आपली खूण म्हणून आहेत शिवलिंग आणि बेलाचं पान. त्यांचं स्वतःचं नाव कुठेही नाही. हुकूमनाम्यावर त्या "श्री शंकर" अशी सही करत, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण नाणं समोर ठेवून पाहिल्यावर ते वेगळंच लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही नाणी आकाराने लहान, जाड आणि कडेला वाकडीतिकडी असतात. तेव्हा हाताने ठोकून नाणं पाडत आणि छाप चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा थोडाच भाग उमटे. पूर्ण मजकूर वाचायचा तर दोन-चार नाणी शेजारी ठेवावी लागतात.

तिथेच ठरलं, की पुढच्या बाजूला शिवलिंग आणि बेलपत्र घ्यायचं. मागच्या बाजूचं काय, यावर मात्र पुढचा महिनाभर भांडलो.

"नाणं" म्हणायचं नाही!

आमच्या कोषाध्यक्ष ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत ब्रेक लावला. कॉइनेज अ‍ॅक्ट २०११ नुसार नाणी पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टांकसाळी आहेत. पैसा म्हणून वापरता येईल असा धातूचा तुकडा खाजगीत बनवणं हा गुन्हा आहे. स्मृतिपदक बनवायला हरकत नाही, पण त्यावर किंमत नको, रुपयाचं चिन्ह नको आणि सिंहांची राजमुद्रा तर मुळीच नको. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदाच आहे. म्हणून बिलावर आणि सोबतच्या कार्डावर "स्मृतिपदक" असं लिहिलं आणि खाली "हे चलन नाही" अशी ओळ टाकली. तोंडात मात्र सगळ्यांच्या नाणंच राहिलं, म्हणून इथेही तेच लिहितो.

ताईंनी आणखी एक घोळ आधीच टाळला. नाणं घेणं ही खरेदी आहे, देणगी नव्हे. त्यामुळे नाण्याचं बिल वेगळं आणि कुणी वर काही दिलं तर त्याची देणगी-पावती वेगळी. ८०जी च्या वजावटीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, हेही त्यांनी टेबलावर चिकटवून ठेवलं होतं.

हिशेब

आता माझ्या आवडीचा भाग. पितळेची ४० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची चकती घेतली तर वजन साधारण ३२ ग्रॅम भरतं. हातात घेतल्यावर "काहीतरी आहे" असं वाटायला एवढं वजन लागतं. पातळ नाणं लहान मुलांच्या बक्षिसासारखं वाटतं. आम्हाला पडलेला खर्च, करासह, असा:

दोन्ही बाजूंच्या डाय: १४,००० रुपये
३०० नाणी, प्रत्येकी १६५: ४९,५०० रुपये
बटवा आणि छापील कार्ड, प्रत्येकी ३५: १०,५०० रुपये
एकूण: ७४,००० रुपये

किंमत ठेवली ५०१. म्हणजे १४८ नाणी विकली की खर्च निघाला, पुढचं सगळं छताचं. डायचा खर्च नाणी शंभर करा की हजार, तेवढाच असतो. म्हणून पन्नास-साठ नाण्यांसाठी हा उद्योग परवडत नाही.

कारखानदाराला निम्मे पैसे आगाऊ हवे होते, म्हणजे ३७,०००. मंडळाच्या पैशाला हात लावायचा नाही असं ठरवून आधी नोंदणी घेतली. साठ जणांनी न बघता पैसे भरले, ३०,०६० जमले. उरलेले मागच्या गणेशोत्सवाच्या शिलकीतून घेतले. साठ जणांनी भरले नसते तर आम्ही ऑर्डरच दिली नसती.

एक लाखाचा प्रस्ताव

जुलैत एक व्यापारी गृहस्थ आले. मंडळाचे जुने हितचिंतक, मराठीच. म्हणाले, "दोनशे नाणी मी घेतो, एकदम. दिवाळीला ग्राहकांना देईन. फक्त मागच्या बाजूला दुकानाचं नाव टाका."

दोनशे गुणिले ५०१, म्हणजे १,००,२००. मी बैठकीतच मोबाइलवर हिशेब करून दाखवला. उरलेली शंभर नाणी सहज गेली असती. विषय संपला होता, निदान माझ्यासाठी.

बाकीच्यांसाठी नव्हता. एकजण म्हणाला, "नाव टाकलं तर ती जाहिरात झाली." दुसरा म्हणाला, "मग मंडळाचं नाव तरी कशाला टाकतो आपण?" मी म्हटलं, "भिंत ओली आहे, पुस्तकं सडतायत आणि आपण तत्त्वज्ञान करतोय." आवाज चढले. कोपऱ्यात वाचनालयाच्या आजी बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकांची नोंदवही सांभाळली आहे. त्या म्हणाल्या, "अरे, भांड्यावर नाव घालतात ते भांडं हरवू नये म्हणून, परत आपल्या घरी यावं म्हणून. नाणं तर द्यायलाच असतं. त्यावर नाव कशाला?"

मी म्हटलं, "आजी, पण छत?"

"छताचं मला तुझ्यापेक्षा जास्त वाटतं," एवढंच म्हणाल्या.

मतदान झालं. अकरा जणांत सहा विरुद्ध पाच मतांनी प्रस्ताव नाकारला. मी पाचांत होतो. आणि मग जिंकलेल्यांनीच पुढचं पाऊल टाकलं, की मंडळाचं नावही नाण्यावरून काढायचं. ते फक्त कार्डावर. मागच्या बाजूला राहिलं "जन्म त्रिशताब्दी", "१७२५–२०२५" आणि खाली "इंदूर". त्या गृहस्थांना आम्ही दोघांनी घरी जाऊन नाही म्हणून सांगितलं. चहा पाजला, पण नंतर त्यांनी एकही नाणं घेतलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.

मोडलेलं जोडाक्षर

इथे आता माझी चूक सांगायला हवी. डिझाइनची फाइल मी पाठवली होती. कारखान्याच्या संगणकावर तो मराठी फाँट नव्हता. सॉफ्टवेअरने आपल्या मनाने दुसरा लावला आणि "त्रिशताब्दी"ची वाट लागली. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली, "ब्द"चा ब पाय मोडून एकीकडे आणि द दुसरीकडे. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नमुन्याचा फोटो पाठवला, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, फोटो मोठा न करता अंगठा दाखवला. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा मी!

डाय तयार झाली, पहिलं नाणं हातात आलं, आणि आजींनी चष्मा न लावता चूक दाखवली. मागच्या बाजूची डाय पुन्हा करावी लागली. कारखानदार समजूतदार निघाला, निम्मेच पैसे घेतले, तरी ३,५०० रुपये आणि नऊ दिवस गेले. खर्च ७७,५०० वर आणि बरोबरीचा आकडा १५५ वर गेला. ते पैसे मी भरतो म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "चूक मंडळाच्या खात्यात लिहू. पुढच्यांना वाचता येईल."

म्हणून लिहून ठेवतो: मराठी मजकूर पाठवताना अक्षरांचं रूपांतर रेघांत करून पाठवा, म्हणजे समोर फाँट असो-नसो, आकार बदलत नाही. सोबत कागदावर छापलेली प्रत द्या. आणि मंजुरी एकट्याने देऊ नका. दोघांनी मोठ्याने वाचून, मगच.

विक्री

श्रावण वद्य चतुर्दशीला, अहिल्योत्सवाच्या पालखीच्या दिवशी विक्री सुरू केली आणि गणपतीत मंडपात टेबल लावलं. क्रमांक नाण्यावर न कोरता कार्डावर घातला, १ ते ३००. मागेल तो क्रमांक, जादा पैसे नाहीत. लग्नाचं साल, घराचा नंबर, नातवाची जन्मतारीख, लोकांनी काय काय मागितलं! १०८ साठी चार जण आले, चिठ्ठी टाकावी लागली. सहाव्या दिवशी १५५ वं नाणं गेलं.

"पुढे याची किंमत वाढेल का?" हे बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही सरळ सांगत होतो, की नाही. पितळ आहे, गुंतवणूक नाही. हे ऐकून काही जण परत गेले. खोटं बोलून दहा नाणी जास्त गेली असती, पण पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहायचं असतं.

एका संध्याकाळी एक काका आले. नाणं उलटलं, पुन्हा उलटलं, कड तपासली. मला वाटलं, काही दोष दिसला. म्हणाले, "कुणाचं आहे हे?" मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे नाव कुणाचं? कॅलेंडरवर असतं, पिशवीवर असतं, समारंभात ताट देतात त्यावरसुद्धा असतं." मी म्हटलं, "कुणाचंच नाही." त्यांनी तीन नाणी घेतली. एक इथल्या नातीला, एक पुण्याच्या, एक डल्लासच्या. दुकानाचं नाव असतं तर ते नाणं डल्लासला गेलं नसतं, हे मला तेव्हा कळलं. छताच्या बाबतीत माझा हिशेब बरोबर होता, आजही आहे. पण आपण काय विकतोय, ते मला माहीत नव्हतं.

आज कुठे आहोत

दिवाळीपर्यंत २५९ नाणी गेली. १,२९,७५९ रुपये आले, खर्च वजा जाता ५२,२५९ उरले. नाणं घेताना लोकांनी वर दिलेल्या देणग्या ३१,०००, त्यांच्या पावत्या वेगळ्या. एकूण ८३,२५९. लाखाला १६,७४१ कमी आहेत. शेवटी किंमत उतरवून उरलेली काढून टाकू, असं मीच सुचवलं होतं. पण ज्या साठ जणांनी न बघता ५०१ भरले, त्यांना काय सांगायचं? किंमत तीच ठेवली.

दोन्ही डाय आता कपाटात आहेत. शेवटचं नाणं गेलं की सगळ्यांसमोर त्यांच्यावर छिन्नीने आडवी रेघ मारायची, असं ठरलंय. तीनशे म्हणजे तीनशे.

४१ नाणी शिल्लक आहेत. त्यातली ३४ गेली की छत पूर्ण होतं. ठेकेदार म्हणतो, काम मे महिन्याच्या आत झालं पाहिजे. आजींनी कपाटं अजून मूळ जागी लावू दिलेली नाहीत. म्हणतात, "आधी एक पाऊस जाऊ दे, मग बघू."