डोअर गार्ड विकताय? मग हे आधी वाचा

डोअर गार्ड बसवायचा कसा, ते व्हिडिओत बघितलंत. आता विकायचा कसा ते सांगतो.

पार्किंगची जागा साधारण 2.5 मीटर रुंद धरतात. ब्रेझा 1.79 मीटर. म्हणजे दोन ब्रेझा अगदी मधोमध लावल्या, तरी मध्ये उरतात 71 सेंटिमीटर. त्यात कडेवर पोर घेऊन उतरायचं! बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला तर पट्टेही नसतात.

पोचा पडला पण रंग तडकला नसेल, तर पत्रा आतून दाबून वर काढता येतो. तडकला की लांबी, घासकाम, रंग आलंच. क्लेम करावा, तर पाच वर्षं क्लेम नसणाऱ्याला ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारा 50 टक्के नो क्लेम बोनस जातो. गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं तरी बास.

एक मात्र स्पष्ट बोला: कडेचा गार्ड आपल्या दाराची कड वाचवतो. शेजारच्या दाराचा मार अडवायला साइड बीडिंगच लागतं.

आणि विकून मोकळे होऊ नका. आंब्याकडची जांभ्याची लाल धूळ गार्डखाली गेली की पॉलिश पेपरसारखी घासते. त्यात आपल्या मलकापूरचा पाऊस. ओल अडकली की कड गंजते, आणि नाव आपल्या दुकानाचं जातं. म्हणून कड धुऊन, पूर्ण कोरडी करूनच बसवा. दिवाळीच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करून बोलवा, गार्ड काढून, पुसून परत बसवून द्या. पैसे घेऊ नका. त्याच फेरीत वायपर, मॅट खपतात.