स्वस्तातले पाने-पक्कड घ्यावे की नको? बंदीच्या दिवसांतला हिशेब



१ जूनला बंदी लागली की होड्या वर येतात, मोटरी घरच्या पडवीत येतात आणि ३१ जुलैपर्यंत आपण सगळेच अर्धे मेकॅनिक होतो. ६१ दिवसांत जाळी विणायची, होडीला रंग काढायचा आणि मोटरचंही काम उरकायचं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेकॅनिकच्या दारात रांग लागते, त्यामुळे जमेल तेवढं घरीच करावं असं प्रत्येकाला वाटतं. ते बरोबरच आहे.

नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. ‘४६ नगांचा सेट, फक्त पाचशे-सातशे रुपयांत.’ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही ताडपत्रीवर चकचकीत पान्यांचे ढीग दिसतात. बंदीत हातात पैसा कमी, शाळेची वह्या-पुस्तकंही याच महिन्यांत. घरचा हिशेब बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो आणि तिचा प्रश्न सरळ असतो : सातशेत ४६ हत्यारं मिळतात, मग एका पान्याला दोनशे का द्यायचे?

प्रश्न रास्त आहे. म्हणून जेटीवरच्या जाणत्या लोकांशी बोलून आम्ही हे लिहीत आहोत. स्वस्त हत्यार सगळंच वाईट नसतं आणि महाग सगळंच लागतं असंही नाही. कुठलं कुठे चालतं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

*आधी आपली मोटर बघा, मग सेट बघा*

सेटवर ४६ आकडा असतो, पण आपल्या कामाची मापं किती? जपानी आऊटबोर्ड मोटरला बहुतेक बोल्टची डोकी ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरची असतात. ट्रॉलरमधल्या आपल्याकडच्या डिझेल इंजिनांना बहुधा १०, १३, १७, १९ असं माप लागतं. म्हणजे ज्याच्याकडे फक्त आऊटबोर्ड आहे त्याला १३ चा पाना क्वचितच लागेल, आणि १२ व १४ रोज लागतील.

तो ४६ नगांचा सेट उघडून बघा. त्यातले बरेच नग स्क्रूचे बारीक बिट असतात. सॉकेट असतात ते साधारण ४ ते १४ मिमीपर्यंत, आणि रॅचेटचा चौकोन पाव इंची. पाव इंची चौकोन म्हणजे सव्वासहा मिलिमीटरची काडी. कव्हरचे स्क्रू, क्लिप, बारीक नट याला ती ठीक आहे. सिलिंडर हेडच्या बोल्टला किंवा गंजलेल्या ब्रॅकेटला ती लावली तर बोल्ट हलण्याआधी रॅचेटचे दातच जातात. जड कामाला अर्धा इंची चौकोन लागतो.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. मोटरचं कव्हर काढा, कुठला बोल्ट कुठल्या मापाचा ते लिहून काढा. सहा-सात मापांवर यादी संपेल. तेवढेच पाने चांगले घेतले तर खर्च वाटतो तितका होत नाही.

*तुटलेला पाना स्वस्त, गोल झालेला बोल्ट महाग*

स्वस्त पान्याचा खरा तोटा पाना तुटण्यात नाही. तो तुटला तर गेले पन्नास रुपये. तोटा होतो तो बोल्टचा.

मऊ लोखंडाच्या पान्याचं तोंड जोर लावल्यावर उघडतं. सैल मापाचा पाना बोल्टच्या कोपऱ्यांवरच बसतो, सपाट बाजूंवर बसत नाही. दोन हिसक्यांत कोपरे जातात आणि डोकं गोल होतं. मग छिन्नी, मग वेल्डिंग, मग ड्रिल. आऊटबोर्डचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की दोन धातू एकमेकांना खातात आणि बोल्ट जाम होतो. तो काढताना ॲल्युमिनियमचे आटे आले बाहेर, की काम घरचं राहत नाही. नवीन आटे पाडा, आत बुश बसवा, नाहीतर भागच बदला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

आणि हे कधी कळतं? २९-३० जुलैला, मोटर बसवताना. १ ऑगस्टला शेजारची होडी बाहेर पडते आणि आपली मोटर अजून पडवीत. सुरुवातीच्या दिवसांचा मासा गेला तो गेला.

*मग स्वस्त काय चालेल?*

आम्ही एकच कसोटी लावतो : हे हत्यार ऐन कामात दगावलं तर काय होईल? ‘काही नाही, दुसरं घेऊ’ असं उत्तर असेल तर स्वस्त घ्या. बोल्ट जाईल किंवा भाग जाईल असं असेल तर मध्यम, नावाजलेलं घ्या. हात जाईल किंवा जीव जाईल असं असेल तर चांगलंच घ्या, नाहीतर घेऊच नका.

स्वस्त चालतं ते : तारेचे ब्रश, पत्रे खरवडायची पट्टी, फनेल, तेल काढायचा ट्रे, टेप, हातोडी (दांडा घट्ट बसलेला बघून), नट-बोल्ट ठेवायचे डबे, साधी ग्रीस गन. बॅटरी बघायला दोन-तीनशेचा मल्टीमीटर चालतो, कारण १२ व्होल्टला धोका नाही. पण तोच मीटर घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला लावू नका. त्यासाठी मीटरवर ‘कॅट’ दर्जा छापलेला आणि वायरी जाड असलेला मीटर लागतो.

मध्यम पण चांगलं घ्यावं ते : रिंग पाने, सॉकेट, प्लग पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. यासाठी परदेशी वस्तू लागत नाही. नाशिकला बनणाऱ्या टपारियासारख्या देशी कंपन्यांचे पाने गावोगावच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं चालतात आणि सुटे मिळतात.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल एक गोष्ट खास सांगायची. जपानी मोटरच्या कार्बोरेटरवरचे ‘प्लस’ स्क्रू दिसायला साधे, पण त्यांची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स टोकापेक्षा जराशी वेगळी असते. फिलिप्स टोक जोर दिला की वर उचलून येतं आणि खाच खाऊन टाकतं. जपानी मापाचा २ नंबर आणि ३ नंबर असे दोन स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठेवा. जाम स्क्रूला हातोडीने ठोकून फिरवायचा ठोक-ड्रायव्हर मिळतो, तो गावात एक असला तरी पुष्कळ.

*इथे पैसे वाचवू नका*

इंजिन उचलायची चेन कप्पी, शॅकल, पट्टा, जॅक. यावर किती किलो पेलेल ते कोरलेलं असलं पाहिजे. नुसतं स्टिकर नको. आणि कप्पी कितीही चांगली असली तरी टांगलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालायचा नाही.

ग्राइंडरची डिस्क. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११-१२ हजार फेरे मारतो. १०० मिमीच्या चांगल्या डिस्कवर १५ हजारांच्या वरची मर्यादा छापलेली असते. आकडा छापलेलाच नाही अशी डिस्क लावू नका. बऱ्याच डिस्कच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदतही असते. आपल्या दमट हवेत जुनी डिस्क आतून कमकुवत होते आणि फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. गार्ड काढून काम करणं बंद करा. डोळ्यांना चष्मा हवाच.

आणखी एक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाला साचून राहते. टाकी, नळी उघडी असताना तिथे ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग काहीही नको. वर ताडपत्री असेल तर ती आधी काढा, वारा खेळू द्या.

*दुकानात बघायचं कसं?*

१. खुणा कोरलेल्या आहेत का बघा. माप, कंपनीचं नाव आणि भारतीय मानकाचा नंबर. उघड्या तोंडाच्या पान्याला आयएस २०२८ आणि रिंग पान्याला आयएस २०२९ हे मानक आहे. ‘क्रोम व्हॅनेडियम’ शब्द कुणीही छापू शकतो. त्यावर एकट्यावर जाऊ नका.

२. खिशात १२ आणि १४ चा एकेक नवा बोल्ट घेऊन जा. पाना बसवून हलवा. जास्त खडखडला तर परत ठेवा.

३. सॉकेट सहा कोनी घ्या. बारा कोनी लवकर बसतो, पण गंजलेल्या बोल्टवर कोपऱ्यावरून घसरतो. सहा कोनी सपाट बाजू धरतो.

४. क्रोम बघा. बुडबुडे, सुटलेली कड, खरखरीतपणा नको. क्रोम उडालं की त्याची पापडी ब्लेडसारखी हात कापते आणि खालचं लोखंड खाऱ्या हवेत चार दिवसांत लाल होतं.

५. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी भंगारातला एक मोठा बोल्ट शेगड्यात आवळा आणि पान्याला जोर लावून बघा. तोंड उघडायचं असेल तर ते परत देण्याची मुदत असताना उघडू दे.

६. पक्कं बिल घ्या. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे.

*जोर किती लावायचा?*

चांगला पाना असूनही आटे जातात ते जोरामुळे. १० मिमी डोक्याच्या बारीक बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. दीड वीत लांब नाही, नुसता १५० मिमीचा पाना घेतला तर त्याच्या टोकाला सातेक किलोचा दाब दिला की तेवढं होतं. ३०० मिमीच्या दांड्यावर २० किलो दाब म्हणजे जवळपास ६० न्यूटन-मीटर. दांड्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली की तोच हात दुप्पट जोर देतो. आपल्या खलाश्यांचे हात जाळं ओढणारे. बारीक बोल्टला लांब पाना देऊच नका.

हेड बसवताना मात्र टॉर्क पाना पाहिजे. चांगल्या क्लिकवाल्या टॉर्क पान्याची चूक ४ टक्क्यांच्या आत असते. स्वस्तात मिळणाऱ्याबरोबर तपासणीचा कागद नसेल तर त्याच्या ‘क्लिक’वर भरवसा ठेवून हेड बसवू नका. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. आकडा आपल्या मोटरच्या पुस्तकातला घ्यायचा, शेजाऱ्याच्या मोटरचा नाही. काम झालं की पाना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा आणि त्याने बोल्ट सोडवायचा नाही.

असं हत्यार वर्षातून दोनदा लागतं. टॉर्क पाना, फ्लायव्हील काढायचा पुलर, ठोक-ड्रायव्हर ही हत्यारं पाच-सहा होडीवाल्यांनी मिळून एकदाच चांगली घ्यावीत. वहीत नोंद ठेवावी : कोणी नेलं, कधी आणलं. एकट्याने सहा स्वस्त पुलर घेण्यापेक्षा सहा जणांत एक चांगला बरा.

*दर्यात काय न्यायचं?*

काही जण म्हणतात, होडीवर हत्यार पाण्यात पडतं, नाहीतर गंजतं, मग तिथे स्वस्तच बरं. अर्धं खरं आहे. पण दर्यात मोटर बंद पडली, वारा सुटलाय, तेव्हा हातात असेल तेच हत्यार. तिथे प्लग पाना फिरला तर बाजार कुठला?

म्हणून होडीवर कमी न्या, पण चांगलं न्या. प्लग पाना आपल्या प्लगच्या मापाचा (२१ आणि १६ मिमी ही दोन मापं जास्त दिसतात), १०, १२ आणि १४ चे पाने, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर. सोबत नवे प्लग, प्रोपेलरची पिन, थोडी तार. प्रत्येक पान्याला नायलॉनची दोरी बांधून फासा मनगटात घाला. झाकणाच्या डब्यात तेलाचं फडकं घालून ठेवा.

किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. खाऱ्या पाण्याला कंपनीचं नाव वाचता येत नाही. न धुतलेला महाग पानाही दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत लाल होतो आणि धुतलेला साधा पाना मुलाच्या हातात जातो.

*थोडक्यात*

सातशे रुपये हातात असतील तर ४६ नगांचा डबा घेऊ नका. त्याच पैशात रोज लागणारे १०, १२, १४ चे चांगले रिंग पाने आणि एक पक्कड बसवायचा प्रयत्न करा. उरलेली मापं पुढच्या महिन्यात, एकेक करून. स्वस्त सेट घरात आधीच असेल तर फेकू नका. तो सायकल, पंखा, दाराची कडी यांना ठेवा आणि मोटरपासून लांब ठेवा.

बोल्ट जाम असेल तर आज गंज सोडवायचं तेल मारा आणि रात्रभर थांबा. उद्या हलक्या हातोडीने टकटक करा, मग पाना लावा. तरीही हलला नाही तर जोर न वाढवता मेकॅनिकला बोलवा. शाबूत डोक्याचा बोल्ट तो थोड्या वेळात काढतो, गोल झालेल्याला त्याचाही दिवस जातो आणि पैसे आपले जातात.

आपल्या मोटरच्या मापांची यादी करायला अडचण येत असेल तर मोटरचा मॉडेल नंबर लिहून कार्यालयात या. बसून करू. जुलै संपायला अजून वेळ आहे.