साखळी दुरुस्त होते का, हे आधी विचारा

हाताने घडवलेल्या दागिन्यात कारागिराचं सगळं लक्ष पदकावर असतं. ठोकून घेतलेला पितळी पत्रा, शिंपल्याचा तुकडा, चांदीवर कोरलेलं पान यांच्यावर तासन्‌तास जातात. साखळी मात्र शेवटच्या घटकेला, तयार गुंडाळीवरून इंचांच्या हिशेबाने कापून घेतली जाते. गिऱ्हाईकही पदकाकडे बघून दागिना पसंत करतं आणि साखळीच्या बाबतीत फार तर 'चमकते छान' एवढंच म्हणतं. पुढे दागिना निकामी होतो तो बहुतेक वेळा साखळीत. पदक तसंच्या तसं राहतं, पण कडी झिजते, सांधा सुटतो, पट्टी मुरगळते आणि चांगली वस्तू खणात पडून राहते. म्हणून साखळीचा घाट निवडताना ती दिसते कशी, याच्या आधी तुटल्यावर ती जवळच्या सोनाराला जोडता येईल का, हे पाहिलं पाहिजे. ही कसोटी लावली की बाजारातल्या डझनभर प्रकारांतून साधी, उघड्या कड्यांची, डाक दिलेली, म्हणजे सांधे वितळवलेल्या धातूने जोडलेली, साखळी सर्वांत पुढे येते.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या धारगळसारख्या गावाहून या प्रश्नाकडे पाहिलं तर तो जास्त स्पष्ट होतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ गावातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये इथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय सुरू झालं आणि जानेवारी २०२३ पासून शेजारच्या मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली. पश्चिमेला मोरजी-हरमलचा किनारा आहे, तिथे पर्यटकांसाठी हातच्या दागिन्यांचा बाजार मांडलेला असतो. दक्षिणेला कोलवाळचा पूल ओलांडला की बार्देश आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. उत्तरेला पत्रादेवीपलीकडे बांदा-सावंतवाडी. अशा गावात दागिना करून विकणाऱ्याला गिऱ्हाईक दोन तऱ्हांचं भेटतं. एक विमानाने येऊन विमानाने परत जाणारं, दुसरं इथलंच. पहिल्याची साखळी तुटली तर तो परत येणार नाही, दुसऱ्याची तुटली तर तो पेडण्यातल्या किंवा म्हापशातल्या शेटीकडे, म्हणजे सोनाराकडे नेणार. शेटीजवळ शेगडी किंवा गॅसची ज्योत, टाकणखार, चिमटा आणि डाक असते. लेझरने सांधा जोडणारं यंत्र दर छोट्या दुकानात असेलच असं नाही. साखळी या साध्या हत्यारांनी जोडता आली तर दागिना जगतो. परक्या शहरातल्या किंवा देशातल्या गिऱ्हाइकालाही हेच लागू आहे, कारण डाक देणारा साधा कारागीर जवळपास सगळीकडे सापडतो, एका विशिष्ट कंपनीच्या साखळीचा जाणकार सापडत नाही.

साखळी कशी घडते ते पाहिलं की याचं कारण कळतं. धातूची तार पोलादी पट्टीच्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक करतात, ती सळईभोवती गुंडाळतात आणि ते वेटोळं उभं कापलं की सुट्या कड्या मिळतात. एक कडी दुसरीत ओवून तिची दोन टोकं जुळवायची, टाकणखार लावायचा, डाकेचा कण ठेवायचा आणि ज्योत द्यायची. बाहेरून ४ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या कड्या घेतल्या तर १८ इंची साखळीत हिशेबाने सुमारे १९० कड्या बसतात, म्हणजे तितकेच सांधे. अंगठीला सांधा एखाददुसरा असतो, साखळीत मात्र सांध्यांचीच रांग असते. म्हणूनच डाकेचा दर्जा साखळीइतका दुसऱ्या कुठल्याही दागिन्यात महत्त्वाचा ठरत नाही. डाक आधी वितळावी म्हणून ती मूळ धातूपेक्षा हिणकस ठेवावी लागे आणि सोन्याची साखळी आटवली की कस उतरलेला दिसे. त्यावर उपाय म्हणून ९२ टक्के सोन्यात ८ टक्के कॅडमियम घातलेली डाक आली. तिला लोक 'केडीएम' म्हणतात आणि अजूनही कित्येकांना ती शुद्धतेची खूण वाटते. प्रत्यक्षात कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो, म्हणून ती पद्धत मागे पडली. शुद्धतेची खूण म्हणजे हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असलेल्या हॉलमार्कचाच दागिना दुकानदाराला विकता येतो. २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना यातून सूट आहे, त्यामुळे नाजूक पदकं विकत घेताना पावती नीट वाचावी.

आता प्रकारांकडे येऊ. सर्वांत साधी साखळी म्हणजे लंबगोल कड्या एकाआड एक आडव्या-उभ्या गुंतवलेली. त्याच कड्यांना पीळ देऊन त्या एका पातळीत बसवल्या की कर्ब साखळी होते. तीन आखूड आणि एक लांब असा क्रम ठेवला की फिगारो. या तिन्ही प्रकारांत प्रत्येक कडी डोळ्याला वेगळी दिसते. साखळी झिजते कुठे, तर एक कडी दुसरीत जिथे टेकते त्या आतल्या वळणावर. ओढ बसली नाही तरी मान हलते तसं घर्षण चालूच असतं. उघड्या कडीत ही झीज भिंगाखाली, पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनीही दिसते, आणि तुटायच्या आधीच ती कडी काढून नवी घालता येते. शेजारच्या कड्यांना धक्का लागत नाही. तारेच्या जाडीचाही हिशेब इथे सरळ आहे. ०.८ मिलिमीटर तारेचा छेद ०.४ मिलिमीटरच्या चौपट भरतो, दुप्पट नव्हे. म्हणजे तार थोडी जाड घेतली की बळ बरंच वाढतं. पदक जड असेल तर प्रकार बदलण्यापेक्षा तार जाड करणं केव्हाही शहाणपणाचं. पदकाचं वजन साखळीच्या वजनापेक्षा जास्त नसावं, हा ठोकताळा रोजच्या वापराला पुरतो.

याच्या उलट टोकाला स्नेक आणि हेरिंगबोन या साखळ्या. स्नेक साखळीत वाकवलेल्या पातळ पट्ट्या इतक्या जवळ बसवलेल्या असतात की ती गुळगुळीत नळीसारखी दिसते. हेरिंगबोनमध्ये तिरप्या कड्या दाबून चपटा पट्टा केलेला असतो. दोन्हींवर उजेड फार सुरेख पडतो आणि दुकानात याच आधी नजरेत भरतात. पण कागदाला पडलेली घडी जशी जात नाही तशी यांना पडलेली मुरड जात नाही. झोपेत अंगाखाली आली किंवा डब्यात वेडीवाकडी पडली तरी पुरे. तुटलेल्या जागी डाक दिली तर ती केशाकर्षणाने आजूबाजूच्या फटींत शिरते आणि लवचीक साखळीचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. इथे चांदीचा स्वभावही आड येतो. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते, त्यामुळे ज्योत एका जागी धरली तरी आच पसरते. ९२५ कसाची चांदी ८०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळायला लागते आणि कडक डाक त्याच्या थोड्याच खाली वाहते. त्या अरुंद जागेत पातळ पट्ट्यांची गर्दी सांभाळणं कसलेल्या हातालाही अवघड जातं. दोरीच्या पिळाची रोप साखळी आणि चौकोनी कड्यांची बॉक्स साखळी मधल्या गटात मोडतात. भरीव असतील तर टिकाऊ, पण एक कडी बदलणं सोपं नाही. गोळ्यांची बॉल साखळी तर नुसत्या पिनांवर उभी असते, तिला किल्लीच्या जुडग्याहून मोठं काम देऊ नये.

आपल्याकडचे जुने दागिने हीच गोष्ट वेगळ्या वाटेने सांगतात. बोरमाळेतले मणी सोन्याचे, आत लाख भरलेली, पण ते ओवलेले असतात दोऱ्यात. पुतळ्यांची माळ, मंगळसूत्राची काळी पोतही तशीच. दोरा कुजला की पटवेकऱ्याकडून माळ पुन्हा गाठवून घ्यायची, सोन्याला हातही लागत नसे. टिकाऊ भाग आणि झिजणारा भाग वेगळे ठेवायचे आणि झिजणारा भाग स्वस्तात बदलता येईल असा घ्यायचा, ही त्यामागची सरळ योजना. यावर कुणी म्हणेल की गोफ आणि चपलाहारही आपलेच, आणि त्यांची वीण काही उघडी नसते. आक्षेप बरोबर आहे. पण गोफ भरीव तारेचा, वजनदार असतो आणि सणासमारंभाला बाहेर निघतो. आंघोळीला, शेतावर, बसमध्ये अंगावर राहते ती पोत किंवा साधी साखळी. घट्ट विणीच्या दागिन्याला विश्रांती मिळते म्हणून तो टिकतो. आजचं गिऱ्हाईक तीच वीण पातळ आणि पोकळ करून रोज घालायला मागतं, अडचण तिथे आहे.

धातूची निवडही याच कसोटीवर करता येते. पेडण्याच्या किनाऱ्यावरची हवा दमट आणि खारी, त्यात घाम. चांदी काळवंडते ती मुख्यतः हवेतल्या आणि घामातल्या गंधकाच्या संयुगांमुळे. उघड्या कडीची साखळी रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने घासली की स्वच्छ होते, बंद विणीत मळ आणि साबण आतच अडकून राहतात. पितळ स्वस्त आणि डाकेला सोयीचं, पण गळ्यात हिरवट डाग सोडतं, त्यामुळे ते नेहमी पुसून ठेवावं लागतं. 'एक ग्रॅम'च्या मुलाम्याचा थर सगळ्यात आधी कड्यांच्या टेकत्या जागीच उडतो आणि डाक द्यायला गेलं तर उरलेलाही करपतो, म्हणजे ती साखळी दुरुस्तीची नव्हेच. स्टेनलेस स्टील न गंजणारं आणि मजबूत, पण त्याच्या अंगावरच्या क्रोमियमच्या ऑक्साइडमुळे साध्या टाकणखाराने त्यावर डाक धरत नाही. तरीही जाड स्टीलच्या कड्या पक्कडीने उघडून बदलता येतात, म्हणून स्टील घ्यायचंच तर उघड्या कडीचंच घ्यावं. निकेलने काहींच्या कातडीला खाज सुटते. युरोपीय संघाने १९९४ मध्येच कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूंतल्या निकेलवर बंधनं घातली. परदेशी गिऱ्हाइकाला विकताना धातू कोणता हे सांगता आलंच पाहिजे.

सर्वांत जोरदार आक्षेप किमतीचा. २०२५ मध्ये सोन्याने १० ग्रॅमला १ लाख रुपयांची पातळी ओलांडली. मग भरीव कड्या परवडणार कुणाला? यंत्रावर केलेली पोकळ साखळी थोड्या वजनात भरदार दिसते, हे खरं. पण पोकळ कडीची भिंत पातळ असल्याने टेकती जागा लवकर फाटते आणि ज्योत लावली की ती आत बसते. मग साखळी मोडीत घालायची आणि घडणावळ पुन्हा भरायची. तेवढ्याच वजनात भरीव पण बारीक साखळी घेतली तर रुंदी कमी दिसते, आयुष्य मात्र वाढतं. भरदारपणाच हवा असेल तर चांदीकडे वळावं. वर सांगितलेल्या मापाच्या १८ इंची साखळीला चांदी लागते साधारण ८ ते ९ ग्रॅम. दुसरा आक्षेप हस्तकलेच्या बाजूने येतो. पदक हातचं, तर साखळी यंत्राची का चालवून घ्यावी? इथे आग्रह सैल ठेवलेला बरा. एकशे नव्वद सांधे हाताने देण्याची मजुरी पदकाहून जास्त होऊ शकते आणि यंत्राचा सांधा पुष्कळदा हातच्यापेक्षा एकसारखा असतो. ज्याला साखळी हातचीच हवी त्याच्यासाठी कडीत कडी दुमडून घालण्याची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक कडी आधी डाक देऊन बंद करतात, मग लांबट करून, वाकवून आधीच्या कडीतून ओवतात. मेसोपोटेमियातल्या उर इथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या दफनांत याच घडणीच्या सोन्याच्या साखळ्या सापडल्या आहेत. मात्र हीही दाट विणीची असल्याने रोजच्या वापराला जाड तारेतच करावी.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मान्य करूनच साखळी बांधली पाहिजे. अतिशय मजबूत साखळी कशात अडकली किंवा चोराने हिसकली तर मानेला इजा होते. म्हणून आकड्याजवळची शेवटची कडी मुद्दाम बाकीच्यांहून बारीक ठेवावी. जोर आला की तीच उघडते, साखळी वाचते आणि दुरुस्ती एका कडीत संपते. लहान मुलांच्या गळ्यात तर ही काळजी हवीच. डाक देताना स्प्रिंगचा आकडा आधी काढून ठेवावा, कारण आच लागली की आतल्या पोलादी स्प्रिंगचा ताण जातो. पदकावरची कडी साखळीच्या टोकापेक्षा मोठी असावी, म्हणजे गिऱ्हाइकाला पुढे साखळी बदलायची झाली तर पदक न कापता बदलता येईल.

दागिना घेणाऱ्याने म्हणूनच दुकानात तीन गोष्टी कराव्यात. साखळी बोटावर घट्ट वळवून सोडावी आणि मुरड राहते का ते पाहावं. भिंगातून चार-दोन कड्यांचे सांधे बंद आहेत का ते तपासावं. आणि विकणाऱ्याला सरळ विचारावं की ही तुटली तर जोडणार कोण. दागिने घडवून विकणाऱ्यांनीही, मग ते धारगळच्या घरात बसून काम करत असोत की म्हापशाच्या पेठेत, पावतीवर धातू, कस, तारेची जाडी आणि साखळी भरीव की पोकळ एवढं लिहून द्यावं. एका ओळीचं हे काम आहे, आणि दहा वर्षांनी साखळी हातात घेणाऱ्या शेटीला तीच ओळ उपयोगी पडेल.