आधीच फोडलेले गुपित

खुनी कोण हे अखेरच्या रिळापर्यंत दडवून ठेवण्यातच रहस्यपटाचे सारे कौशल्य असते, हा जो समज आपल्या प्रेक्षकवर्गात रूढ आहे, त्याला लंडनमध्ये १८९९ साली जन्मलेल्या आल्फ्रेड हिचकॉकने आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीत बहुधा जाणूनबुजून छेद दिला. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो याच्यापुढे त्याने आपली कैफियत मांडली ती अशी, की टेबलाखालचा बाँब अकस्मात फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु बाँबची आणि तो फुटण्याच्या वेळेची वर्दी त्याला आगाऊ दिली, तर टेबलाभोवतीच्या फुटकळ गप्पाही त्याला असह्य होतात.

‘नोटोरियस’ (१९४६) मधील मेजवानीचा प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. रिओतील हवेलीच्या उंच जिन्यावरून निघालेला कॅमेरा, खालच्या दिवाणखान्यातील पाहुण्यांच्या गर्दीवरून संथपणे उतरत उतरत, अखेर इंग्रिड बर्गमनच्या मुठीत लपलेल्या एका किल्लीपाशी येऊन ठेपतो. हेर म्हणून त्या घरात सून झालेल्या नायिकेने नवऱ्याच्या जुडग्यातून लांबवलेली ही तळघराची किल्ली. आणि इकडे बर्फातल्या शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होत आहेत. त्या संपल्या की यजमान तळघराकडे वळणार, हे आपल्याला ठाऊक असल्याने, घड्याळाकडे बोट न दाखवताही मुदत भरत आल्याची जाणीव होत राहते. तळघरातील बाटल्यांत युरेनियम निघते खरे. पण त्याऐवजी हिरे निघाले असते तरी हिचकॉकला चालले असते, इतका तो अशा ऐवजाविषयी बेफिकीर होता!

‘सॅबोटाज’ (१९३६) मध्ये मात्र, बाँब असलेले पुडके अजाणता घेऊन लंडनच्या बसमध्ये बसलेल्या पोराला त्याने खरोखरच मरू दिले. प्रेक्षक संतापले, आणि ताणून धरलेल्या धास्तीतून त्यांची सुटका न करणे ही आपली चूक होती, असे पुढे त्याने स्वतःच कबूल केले. हा कबुलीजबाब मला अर्धाच मान्य आहे. कारण तो पोर बचावला असता, तर जेवणाच्या टेबलावर मांस कापणाऱ्या त्याच्या बहिणीचा हात नवऱ्यासमोर सुरीपाशी अडखळतो, त्या अजोड प्रसंगाला आधारच उरला नसता.