दोर पाहिला, कडी पाहिली का?

आज मुठीत मावणाऱ्या एका कडीबद्दल बोलायचं आहे.

आपल्या मावळात, लोणावळ्यात पाहुण्यांची रीघ असते. नागफणीच्या कड्यावरून लोक दोराने उतरतात. जांभिवलीच्या पुढे ढाकच्या बहिरीच्या गुहेत जायला शेवटच्या कातळावर दोराचाच आधार. पाहुण्यांचं जेवण आपले गट करतात आणि दोर लावायला आपलीच मुलं-मुली जातात. मागे एका गटात कर्जाचा अर्ज आला: मुलाला दोर आणि कड्या घ्यायच्या होत्या. दोराची चौकशी सगळ्यांनी केली. कडी मात्र ‘बाजारात पन्नास रुपयांना मिळते’ म्हणून कोणी बघितलीच नाही. सहीआधी आम्ही ती हातात घेतली. तिच्यावर एकही आकडा नव्हता. ती किल्ल्या अडकवायची कडी होती!

दोर, कमरेचा पट्टा आणि कातळातला बोल्ट यांना जोडणारी कडी म्हणजे कॅराबिनर. तिच्यावर ताकद कोरलेली असते, किलोन्यूटनमध्ये. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा ताण. चांगल्या कडीवर उभ्या ताणासाठी २० किंवा जास्त आकडा असतो, म्हणजे २,००० किलो. माणूस साठ किलोचा, मग एवढं कशाला? कारण घसरून पडताना जो हिसका बसतो, तो वजनाच्या कितीतरी पट असतो.

शेजारी आणखी दोन आकडे असतात: कडी आडवी ओढली गेली तर किती, आणि उघडझाप करणारं गेट उघडं राहिलं तर किती. ते बहुधा ७ ते १० असतात. ज्वारीचं ताट उभं ओढून तुटत नाही, आडवं वाकवलं की मोडतं, तसंच हे. म्हणून ताण कायम उभाच यावा आणि गेट बंदच असावं. जीव टांगायचा तिथे स्क्रूने बंद होणारं गेट घ्यावं. स्क्रू खालच्या बाजूला फिरून बंद होईल अशी कडी लावावी, म्हणजे हादऱ्याने तो सुटत नाही.

आकड्यांसोबत युआयएए किंवा सीई ही खूण आणि कंपनीचं नाव पाहा. गॅसच्या शेगडीवर आपण आयएसआय पाहतोच ना!

दोर जिथे कायम बांधून ठेवायचा, तिथे नटाने बंद होणारी पोलादी कडी बरी. तिला मेलॉन म्हणतात. पोलाद जड असतं, पण चिखलात, घासणीत लवकर झिजत नाही. अॅल्युमिनियमची कडी हलकी, अंगावर वागवायला सोयीची. दोराने घासून खाच पडली, चीर दिसली, गेट आपोआप मिटेना, किंवा कडी उंचावरून कातळावर आपटली, तर ती बाद करा. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. आणि एकाच कडीवर, एकाच बोल्टवर भिस्त नको, दोन हव्यातच.

त्या गटाने कर्ज मंजूर केलं, पण दोन अटींवर: दहाऐवजी पाचच कड्या, मात्र खुणेच्या, आणि मुलाने आधी जाणत्यांकडे शिकायचं. दरीत उतरून माणसं वाचवणारे ‘शिवदुर्ग मित्र’ आपल्याच लोणावळ्यात आहेत.

तुमच्याकडे असा अर्ज आला तर कडी मागवून घ्या, आकडे वाचा, गटाच्या वहीत लिहा. मगच सही करा.