काढून टाकलेल्यांसाठी बाकीचे का उभे राहतात?

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, ‘महिन्याला किती मिळतात?’ ते मिळणं बंद झालं तर आपल्या बाजूने कोण उभं राहील, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज त्यावरचीच एक केस बघू.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ कॅम्पसमध्ये बरेच पीएचडी विद्यार्थी टीचिंग असिस्टंट म्हणून पगारावर काम करतात. तिथली घरभाडी एवढी, की पगाराचा मोठा हिस्सा त्यातच जायचा. म्हणून डिसेंबर 2019 मध्ये त्यांनी महिन्याला 1,412 डॉलर महागाई भत्ता मागितला आणि ग्रेड जमा करणं थांबवलं. फेब्रुवारी 2020 मध्ये शिकवणंही बंद केलं. 28 फेब्रुवारीला विद्यापीठाने 50 हून जास्त जणांना कामावरून काढलं.

नेमणूक गेली की फक्त पगार जात नाही. फीमाफीसुद्धा तिलाच जोडलेली असते. परदेशी विद्यार्थ्यांना तर व्हिसाची काळजी.

आता गंमत बघा. त्यांची युनियन म्हणजे युनायटेड ऑटो वर्कर्सची लोकल 2865. (हो, मोटार कामगारांचीच संघटना!) 2018 च्या करारात ‘मुदत संपेपर्यंत संप नाही’ असं कलम होतं. त्यामुळे युनियनला या संपाला अधिकृत पाठिंबा देता येत नव्हता. अशा मान्यतेविना केलेल्या संपाला ‘वाइल्डकॅट’ संप म्हणतात. तरीही काढलेल्यांना वाऱ्यावर सोडलं गेलं नाही. युनियनने विद्यापीठाविरुद्ध अनुचित कामगार व्यवहाराची तक्रार केली. लोकांनी निधी जमवला. सांता बार्बरा, डेव्हिस अशा इतर कॅम्पसमध्येही आंदोलनं सुरू झाली.

पण ज्यांची नोकरी शाबूत होती, त्यांनी हा धोका का घेतला?

इथे अर्थतज्ज्ञ मन्कर ओल्सन यांचा 1965 चा सिद्धांत उपयोगी पडतो. फायदा सगळ्यांना मिळणार असेल, तर प्रत्येकाला वाटतं, कष्ट दुसऱ्याने करावेत. गणपतीची वर्गणी न देणाऱ्यालाही मंडपाची रोषणाई दिसतेच ना! याला ‘फ्री रायडर’ प्रॉब्लेम म्हणतात. या हिशोबाने बाकीच्यांनी गप्प बसायला हवं होतं.

ते बसले नाहीत. माझ्या मते यामागे विम्यासारखा विचार आहे. आज काढलेल्यांना एकटं सोडलं, तर उद्या कुणीच पुढे येणार नाही, आणि मग संपाचा हक्क फक्त कागदावर उरेल. म्हणून नुकसान थोडं थोडं वाटून घ्यायचं. एकजूट ही भावना आहेच, पण एका माणसावरचा धोका सगळ्यांत विभागण्याची ती पद्धतसुद्धा आहे.

ऑगस्ट 2020 मध्ये विद्यापीठाने काढलेल्यांना परत घ्यायला मान्यता दिली. इथे लगेच ‘एकजुटीमुळे नोकऱ्या परत मिळाल्या’ असं लिहायचा मोह होतो. थांबा! त्याच काळात कोविडमुळे वर्ग ऑनलाइन गेले होते, तक्रार प्रलंबित होती, शिकवायला माणसंही लागणार होती. यातल्या कशाचा किती वाटा, हे एका केसवरून सांगता येत नाही. एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नाही. विज्ञानात आपण कंट्रोलशिवाय निष्कर्ष काढत नाही, तोच नियम इथेही. तुलना हवी: जिथे सहकाऱ्यांनी साथ दिली आणि जिथे दिली नाही, अशा अनेक ठिकाणी पुढे काय झालं?

पुढची गोष्टही लक्षात ठेवा. नोव्हेंबर 2022 मध्ये याच विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसमधले सुमारे 48,000 शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले, आणि या वेळी युनियन उघडपणे सोबत होती. संप जवळपास सहा आठवडे चालला आणि पगारवाढीचा करार झाला.

आपल्याकडे जेआरएफ ही फेलोशिप असते, पगार नव्हे; त्यामुळे ही केस इथे जशीच्या तशी लागू होत नाही. पण परदेशी ऑफर लेटर आलं, तर आकड्याच्या पुढेही वाचा. नेमणूक किती महिन्यांची? फीमाफी तिच्यावर अवलंबून आहे का? युनियन आहे का, आणि तिच्या करारात संपाबद्दल काय लिहिलंय? या प्रश्नांची उत्तरं सही करायच्या आधीच मिळवा. नोकरी गेल्यावर ती शोधायला वेळ नसतो.